साडूच्या छपरावरची गादी

थोरल्यांना थंडीचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो समोरच्या घरातल्या उबेचा.

समोरच्या घरात त्यांचे साडू राहायचे. दोघी बहिणींनी हट्टानं एकाच गल्लीत, समोरासमोर घरं घेतली होती, आणि तेव्हापासून अख्खी गल्ली या दोघा जावयांना थोरले आणि धाकटे म्हणायला लागली. यात थोरल्यांचं स्वतःचं कर्तृत्व काडीचंही नाही. त्यांचं थोरलेपण बायकोकडून आलेलं. वयानं धाकटेच जरा मोठे, उंचीनं तर चांगलेच, आणि पगाराचा विषय न काढलेला बरा. पण मान तो मान. फोटो काढताना मधली खुर्ची कुणाची, जेवायला बसताना पहिलं ताट कुणापुढे, या बाबतीत थोरले अत्यंत दक्ष असत.

आता धाकट्यांचं नशीब बघा. पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर. त्यांची गाडी कडाक्याच्या थंडीतही पहिल्या किल्लीला चालू होते. त्यांच्या कुंडीतल्या शेवंतीला दुप्पट फुलं. त्यांच्या नळाचं वायसर जात नाही. थोरल्यांना हे सगळं रोज दिसायचं आणि रोज पोटात दुखायचं. मात्र हेवा हा शब्द त्यांना आवडत नसे. ते त्याला निरीक्षण म्हणत. सकाळी दाढी करायच्या आधी निरीक्षण, ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर निरीक्षण. बायको म्हणायची, "अहो, एवढं निरीक्षण शाळेत केलं असतंत तर आज तुम्हीही पूल बांधले असते."

थोरले विमा कंपनीत होते. कुणाचा नळ थंडीनं फुटला, कुणाचं छप्पर बर्फाच्या ओझ्यानं वाकलं, तर भरपाई का देता येणार नाही हे सभ्य भाषेत कळवणं, हे त्यांचं काम. त्यामुळे थंडीत घराचं काय काय होऊ शकतं याचं त्यांना सखोल ज्ञान होतं. होऊ नये म्हणून काय करायचं, हा विषय मात्र त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता.

यंदा तो घरातच आला, आणि आला सासूबाईंच्या फोनवरून.

सासूबाई वर डोंगरात एकट्या राहायच्या. थंडी पडली की घराला कुलूप लावून लेकीकडे खाली यायच्या, आणि दर वर्षी टॅक्सीतून उतरून सरळ धाकटीच्या फाटकात शिरायच्या. थोरलीनं विचारलं की एकच उत्तर: "तिकडे जरा ऊब आहे गं." यंदा थोरलीनं फोनवर फारच गळ घातली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं, रविवारी येते. दोन्ही घरं बघते, आणि जिथं ऊब असेल तिथं राहते. मग कुणी रुसायचं नाही."

बायकोनं फोन ठेवला आणि पदराला हात पुसत उगाच उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, यंदा मला आई हवी आहे."

"येऊ देत की."

"तसं नाही. दर वर्षी ती समोर राहते आणि मी इथून हात करते. दुसऱ्या कुणाची तरी आई असल्यासारखा. तिला आता नीट दिसत नाही, कधी कधी तीही हात करते, कधी कधी नाही करत. यंदा मला ती माझ्या स्वयंपाकघरात बसलेली हवी. एवढं करा."

थोरल्यांना भरून आलं. बायकोनं आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं धाकट्यांना हरवायचं काम. असा योग आयुष्यात एकदाच येतो. "तू बघच," ते म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

सुरुवात फटींपासून झाली. थोरल्यांनी लोकरी पट्ट्यांचं मोठं भेंडोळं आणलं आणि दारं-खिडक्यांच्या कडांना दिसेल तिथं चिकटवलं. काम चोख झालं. इतकं चोख की मागचं दार आतून बायकोनं ढकलायचं आणि बाहेरून थोरल्यांनी ओढायचं, तेव्हा ते उघडायचं. म्हणजे बाहेर आधी कुणी गेलेलं असल्याशिवाय बाहेर जाता येत नसे. थोरल्यांनी ही अडचण मानली नाही. "थंडीनं आत येऊन दाखवावं आता," असं म्हणून ते पुढच्या दारानं वळसा घालून बागेत गेले.

तिथं कुंपणापाशी हवामानवाले उभेच होते. हवामानवाले म्हणजे शेजारचे गृहस्थ. सगळी नोकरी हवामान खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावरही अंदाज वर्तवायची सवय काही सुटली नाही. त्यांच्या अंदाजावर गल्लीची अढळ श्रद्धा होती. ते "आज कोरडं" म्हणाले की बायका दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या.

"या वर्षी थंडी नाही," हवामानवाले म्हणाले.

थोरल्यांनी तडक बाजारात जाऊन लोकरी मोजे आणले.

त्यानंतरची गोष्ट गादीची. ज्या गादीनं पुढचा सगळा घोटाळा केला ती पाहुण्यांच्या खोलीतली, खास सासूबाईंसाठी पिंजून भरून घेतलेली. बायको म्हणाली, "आईची गादी जरा उन्हाला टाका." आता साध्या माणसानं ती अंगणात टाकली असती. पण अंगणात टाकली की धाकट्यांना दिसणार, आणि ते दोन टाकणार. म्हणून थोरल्यांनी ती माळ्यावर चढवली, छपरातल्या खिडकीतून बाहेर ढकलली आणि पसरली. ऊन फार छान होतं. गादी मात्र कौलांवर टिकेना. ती आधी थोडी सरकली, मग विचार केल्यासारखी थांबली, आणि मग घरंगळत जाऊन धुराड्याला अशी काही बिलगली की थोरल्यांनी काठीनं, दोरीनं, शेवटी हात जोडून सांगितलं तरी हलेना. तेवढ्यात "कोरडं" वर्तवलेलं असल्यामुळे पाऊस आला आणि गादी भिजून धोंड्यासारखी जड झाली.

पाऊस थांबल्यावर थोरले अंगणात उभे राहून वर बघत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "काय हो थोरले, गादी वर कशी?"

खरं सांगता आलं असतं. हवामानवाल्यांना खरं सांगण्यात कसली लाज? पण नेमके त्याच वेळी समोरच्या फाटकात धाकटे येऊन उभे राहिले, मान वर करून, डोळे बारीक करून.

"मुद्दाम," थोरले गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "घराची सगळी ऊब छपरातून निघून जाते. आपण स्वतः पांघरूण घेऊन झोपतो, मग घरानं काय पाप केलंय?"

"अस्सं!" हवामानवाले म्हणाले. धाकटे नुसते आत गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यांच्या छपरावर गादी!

तीही कशी? सरळ रेषेत मांडलेली, चारी कोपरे दोरीनं ताणून बांधलेले, वर निळं प्लॅस्टिक, आणि धुराड्याभोवती अशी गुंडाळलेली की जणू धुराडं आजारी आहे. थोरल्यांना आधी हसू आलं. पण ते हसू फार टिकलं नाही. धाकटे इंजिनिअर माणूस. पूल बांधतो. तो उगाच छपरावर गादी टाकेल? त्यानं हिशेब केला असणार, कुठल्या तरी पुस्तकात बघितलं असणार. म्हणजे आपल्या हातून नकळत बरोबर झालं! थोरल्यांची छाती फुगली. आणि लगेच बसली. कारण शोध आपला आणि नीटनेटकेपणा त्यांचा. गल्लीत उद्या नाव कुणाचं होणार?

"अहो, पण तुमची घसरली होती," बायको म्हणाली.

"कशी का जाईना. आता ती शास्त्रीय ठरली."

"मग आई कशावर झोपणार?"

"घरच एवढं उबदार होईल की गादीची गरजच पडणार नाही," थोरले म्हणाले, आणि आपल्या पलंगावरची गादीही वर घेऊन गेले. यावर धाकट्यांनी त्यांची दुसरी चढवली. थोरल्यांनी दिवाणावरची लोड-तक्क्यांसकट नेली. हवामानवाले मध्ये उभे राहून दोन्हीकडे बघत सल्ला द्यायचे: वारा पूर्वेचा येणार आहे, पूर्वेला सरकवा. त्यांचा सल्ला मानून दोघांनी गाद्या लगोलग पश्चिमेला सरकवल्या. दोन्ही घरांत आता सतरंजीवर झोपणं चालू झालं. सकाळी थोरल्यांची कंबर धरलेली असायची, पण समोर धाकटेही कमरेवर हात ठेवून पेपर उचलायला वाकताना दिसले की त्यांना जरा बरं वाटायचं. फक्त धाकट्यांची कंबरसुद्धा आपल्यापेक्षा ऐटीत दुखते, अशी त्यांना शंका होती.

मग बाग. अंगणात सफरचंदाचं एक तरुण झाड होतं, बायकोनं मुलासारखं वाढवलेलं. त्याला थंडी बाधू नये म्हणून गोणपाट गुंडाळायचं ठरलं. थोरले दुकानात गेले तर गोणपाट संपलेलं. "समोरचे साहेब सगळं घेऊन गेले," दुकानदार म्हणाला. थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एक माणूस सगळ्या गावाचं गोणपाट नेतो म्हणजे काय! ते घरी आले आणि त्यांनी कपाटातून ऑफिसचा जुना कोट काढून झाडाला घातला. बटणं लावली. वरून बायकोची शाल आणि शेंड्यावर कानटोपी. लांबून झाड हुबेहूब थोरल्यांसारखं दिसू लागलं, जरा सडपातळ इतकंच.

इथं एक अपमान घडला. पोस्टमननं येता-जाता त्या झाडाला नमस्कार केला आणि उत्तर आलं नाही म्हणून गल्लीभर सांगितलं की थोरले हल्ली फार शिष्ट झालेत. थोरले हे ऐकून चरफडले. तोवर धाकट्यांनी एवढं गोणपाट असताना ते सगळं बाजूला ठेवून स्वतःच्या अंगणातल्या झाडाला चक्क सूट चढवला होता. गडद निळा, गरम कापडाचा. थोरल्यांकडे स्वतःसाठीही तसला सूट नव्हता, आणि साडूचं झाड तो घालून उभं! वर गळ्यात मफलर. पोस्टमननं त्यालाही नमस्कार केला, आणि वाऱ्यानं बाही हलली.

"बघा, धाकटे कसे! लांबून का होईना, हात करतात," पोस्टमन म्हणाला.

त्या दिवशी थोरले जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण मनापासून नाही.

राहता राहिलं पाणी. विमा कंपनीतल्या माणसाला हे तरी पक्कं ठाऊक होतं की थंडीत पहिला घात पाण्याचा नळ करतो. गल्लीच्या मधोमध जमिनीखाली दोन्ही घरांना पाणी सोडणारी एक चावी होती आणि तिच्यावरचं झाकण फुटलं होतं. ते उघडं राहिलं तर आतला नळ गोठणार. झाकण नगरपालिकेचं, म्हणजे अर्ज करणं आलं. थोरले रजा टाकून नगरपालिकेत गेले, पाणीखात्याची रांग शोधली आणि रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाची पाठ त्यांना ओळखीची वाटली. उंच होती.

धाकट्यांनी मागं वळून बघितलं.

"इकडे कुठं?" धाकटे म्हणाले.

"जन्मदाखला काढायला," थोरले म्हणाले.

"कुणाचा?"

"माझाच. एखादा जवळ असावा. तुम्ही?"

"कुत्र्याचा परवाना."

"तुमच्याकडे कुत्रा कुठंय?"

"घेईन म्हणतो."

थोरल्यांच्या काळजात कळ आली. नसलेल्या कुत्र्याबद्दल इतकं वाईट वाटल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. तो कुत्रा कसा असेल, किती आज्ञाधारक असेल, पेपर तोंडात धरून आणेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

खिडकीतल्या कारकून बाईंनी धाकट्यांचा अर्ज वाचला, मग मागून डोकावणाऱ्या थोरल्यांचाही हातातून ओढून घेतला. "एकच चावी आहे की ही. दोन घरं, एक चावी. मग जोडअर्ज लागेल. दोघांनी मिळून एकाच कागदावर सही करायची. बरं झालं, दोघंही इथंच आहात. करा सही, संध्याकाळच्या आत माणूस येऊन झाकण बसवून जाईल."

काम झालं होतं हो! हातात पेन दिलं होतं. पण कागदावर छापलेलं होतं: पहिला अर्जदार, आणि त्याच्या खाली: दुसरा अर्जदार.

"मी करतो वर," थोरले म्हणाले. "नात्यानं थोरला मी."

"वयानं मी," धाकटे म्हणाले.

"पण गल्लीत मला थोरले म्हणतात."

"रांगेत मी पुढं होतो."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, नाव कुणाचंही वर येऊ द्या, पाणी तेच येणार आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," दोघंही एकदम म्हणाले. एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं एकमत झालं.

"मग एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहा."

"डावीकडे कोण?" थोरल्यांनी विचारलं.

बाईंनी खिडकीची फळी खाली ओढली. "मी जेवून येते. तोवर ठरवा."

त्या जेवून आल्या तेव्हा खिडकीपाशी कुणी नव्हतं. धाकटे "कुत्र्याचं बघतो" म्हणून निघून गेले होते, आणि थोरले त्यांच्या मागोमाग, ते खरंच कुत्र्याचं बघतात की काय ते बघायला. दुसऱ्या दिवसापासून कचेरीला सुट्टी होती.

त्याच संध्याकाळी हवामानवाल्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जाहीर केलं की यंदा पाणी गोठायचा सवालच नाही. हे ऐकताच सगळ्या गल्लीनं बादल्या, पिंप, पातेली भरून ठेवली. फक्त दोन घरांना ही बातमी कळली नाही. त्या दोन घरांत शेगडी पेटवायचं चाललं होतं. सासूबाई उद्या येणार, तर खोल्या आजपासूनच तापवून ठेवाव्यात असा थोरल्यांचा बेत होता. त्यांनी शेगडीत लाकडं रचली, काडी लावली, आणि धूर रिवाजाप्रमाणे वर गेला. वर धुराड्याच्या तोंडावरच गाद्या बिलगलेल्या. धूर वर जाऊन वस्तुस्थिती बघून परत खाली आला. बघता बघता खोलीत बायकोचा नुसता खोकला ऐकू यायला लागला. मागचं दार उघडेना, कारण बाहेरून ओढायला कुणी नव्हतं. दोघं डोळे चोळत पुढच्या दारानं रस्त्यावर आले.

समोर धाकटे आणि मेव्हणी रस्त्यावरच उभे. डोळे लाल, नाक काळं. त्यांच्या खिडक्यांतूनही धूर.

"काय, फिरायला?" थोरले खोकत म्हणाले.

"हो. हवा छान आहे," धाकटे खोकत म्हणाले.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. "ताई, तुमच्याकडेही?" मेव्हणी हळूच म्हणाली. थोरलीनं मान डोलावली. "गाद्या खाली घ्या आता," दोघीही आपापल्या नवऱ्याला म्हणाल्या. पण आता खरा पेच होता तो आधी कुणी घ्यायच्या याचा. जो आधी उतरवेल त्यानं चूक कबूल केल्यासारखं होणार. थोरले म्हणाले, सकाळी बघू. धाकटेही म्हणाले, सकाळी बघू. शेगड्या विझल्या आणि दोन्ही घरं गार पडली.

सकाळी बघायला गेलं तर पाणीच नव्हतं. नळाची तोटी फिरवली की आतून एक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि बस्स. चावी रात्रीच फुटली होती. गल्लीच्या मधोमध दोन घरांच्या फाटकांना जोडणारा बर्फाचा गुळगुळीत ओटा तयार झाला होता, आणि त्या ओट्याच्या कडेला सासूबाईंची टॅक्सी येऊन थांबली.

सासूबाई उतरल्या. अंगात जाड कोट, हातात काठी. त्यांनी थोरल्यांच्या अंगणातल्या झाडाकडे बघून म्हटलं, "अहो थोरले, एवढ्या गारठ्यात बाहेर कशाला उभे राहिलात? चला आत."

"आई, मी इकडे आहे," थोरले दारातून म्हणाले.

सासूबाई झाडाजवळ गेल्या, कोटाची बाही चाचपली. "झाड होय! मला वाटलं, जावई शांत झाले." मग त्यांनी समोर बघितलं, तिथंही एक सुटातला माणूस बागेत उभा. मग वर बघितलं. इकडच्या छपरावर तीन गाद्या, तिकडच्या छपरावर दोन. सासूबाईंनी काठी जरा घट्ट धरली.

त्यांनी आधी थोरलीचं घर बघितलं. पाहुण्यांच्या खोलीत पलंगाच्या उघड्या फळ्या आणि त्यावर थोरलीनं मनापासून घडी करून ठेवलेली नवी चादर. शेगडी थंडगार. भिंती धुरानं काळ्या. चहा ठेवायला पाणी नाही. थोरली म्हणाली, "आई, मी..." सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोरले कोपऱ्यात उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या बायकोचा चेहरा बघून पोटात दुखलं, आणि हे दुखणं नेहमीचं नव्हतं.

मग सगळी वरात समोर. तिथंही तेच. फळ्या, काजळी, गारठा. थोरले चारी खोल्यांतून हिंडले. कुठं तरी एखादी गोष्ट सरस असेल म्हणून शोधत होते. नव्हती.

सासूबाई पुन्हा गल्लीत आल्या. "आता ऐका. मी दर वर्षी धाकटीकडे का जाते, सांगू का थोरले? तुमच्याकडे मागं दोन दिवस राहिले होते. चहा दिलात की विचारायचात, तिकडचा कसा असतो? पांघरूण दिलंत की विचारायचात, तिकडचं जास्त जाड का? मला घोट गिळवेना. तिथं ऊब नव्हती ती तुमच्या तोंडामुळे, घरामुळे नव्हे."

धाकट्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

"तुम्ही हसू नका. तुमच्याकडे राहते म्हणजे काय सुखात राहते? रोज सकाळी तुमचं सुरू: आई, थोरल्यांकडे नवीन काय आणलंय दिसतंय का तुम्हाला? मला धड रस्ता दिसत नाही आणि मी काय पाळत ठेवू? तरी राहायचे, कारण तुम्ही निदान ऑफिसला उशिरापर्यंत असता." त्यांनी टॅक्सीवाल्याला थांबायची खूण केली. "पोरींनो, बॅगा भरा. वर माझ्या घरी थंडी आहे, पण नुसती थंडीच आहे. लाकडं आहेत, झऱ्याला पाणी आहे, गाद्या गाद्यांच्या जागी आहेत. एकटीला लाकडं आणवत नाहीत म्हणून खाली येते. तुम्ही दोघी बरोबर असल्यावर मला कुणाच्या उबेची काय गरज?"

थोरल्यांनी घाबरून बायकोकडे बघितलं. ती रागावली असती तर त्यांना समजलं असतं. पण ती हसत होती. बहिणीचा हात धरून, लहान मुलीसारखी, डोळ्यांत पाणी आणून हसत होती. तिला आई मिळाली होती. थोरल्यांनी मिळवून दिली नव्हती, इतकंच.

"आणि मी?" ते म्हणाले.

"तुम्ही निरीक्षण करा," बायको म्हणाली. फाटकापर्यंत गेली, परत आली, त्यांच्या गळ्याला स्वतःचा मफलर नीट गुंडाळला, आणि म्हणाली, "झाडाची शाल काढू नका. बर्फ वितळला की येते."

टॅक्सी गेली. गल्लीत दोन साडू उरले, मधे बर्फ. हवामानवाले फाटकातून ओरडून म्हणाले की दुपारी छान ऊन पडेल, तेव्हा लवकरात लवकर काहीतरी करणं भाग होतं. निळ्या प्लॅस्टिकमुळे धाकट्यांच्या गाद्या कोरड्या होत्या आणि थोरल्यांच्या भिजून बर्फ झालेल्या. लाकडं मात्र थोरल्यांची सुकी. गत्यंतर नव्हतं. दोघांनी मिळून धाकट्यांचं धुराडं मोकळं केलं. दोरी कुणी सोडायची यावर थोडा वाद झाला, पण हात इतके गारठले होते की तत्त्व फार वेळ टिकलं नाही. थोरल्यांनी लाकडं आणली, धाकट्यांनी बर्फ फोडून पातेल्यात वितळवला, आणि दुपारी दोघं धाकट्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीला पाय लावून बिनदुधाचा चहा पीत बसले.

धाकटे कपात बघत म्हणाले, "एक सांगू? तुम्ही छपरावर गादी टाकलीत ना, त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही."

"का?"

"म्हटलं, विम्यातला माणूस. कुठलं छप्पर का टिकतं, कुठलं का जातं, सगळं ह्याच्या हाताखालून गेलेलं. मी नुसते पूल बांधतो. पुलाला छप्पर नसतं. मला का नाही सुचलं हे? नेहमी ह्यांनाच कसं सुचतं?"

गादी घसरली होती, हे थोरल्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी चहाचा घोट घेतला. असा घोट त्यांनी जन्मात घेतला नव्हता. शेगडीची ऊब पायांतून वर येऊन छातीत पसरली. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं जळत होता! त्यांच्यावर! त्यांना धाकट्यांविषयी एकदम माया दाटून आली. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली, कप हातात घेऊन ते उठले आणि अंग मोकळं करत खिडकीशी गेले.

बाहेर ऊन पडलं नव्हतं. नुकताच भुरभुर बर्फ सुरू झाला होता. समोर एक घर होतं. उतरतं छप्पर, त्यावर तीन पांढऱ्याशुभ्र मऊ गाद्या, अंगणात शाल पांघरून कुणीतरी शांतपणे घर राखत उभं. दाराशी लाकडं नीट रचलेली. खिडकीच्या आत एका पलंगावर नवी चादर, घडी न मोडलेली, कुणाची तरी वाट बघत ठेवलेली. किती साधं, किती देखणं, किती मनापासून मांडलेलं घर! आपल्या खिडकीतून थोरल्यांना आयुष्यभर दिसलं ते धाकट्यांचं, रंग उडालेलं, उंचाडं, उगाच ताठ उभं असलेलं.

थोरल्यांचा चहा कपात तसाच राहिला. इतकी वर्षं, रोज सकाळी उठल्यावर, या धाकट्यांना बघायला केवढं चांगलं घर मिळालं होतं!